डाइव्ह कॉम्प्युटरला ऑक्सिजन दिसत नाही

फ्रीडायव्हिंग म्हणजे सिलिंडर न घेता, एका श्वासावर खोल बुडी मारणं. त्यासाठी मनगटावर बांधायचे डाइव्ह कॉम्प्युटर मिळतात. खोली, वेळ, वर येण्याचा वेग, सगळं दाखवतात. ठरवलेल्या खोलीवर अलार्मही देतात. मग नवशिक्याला वाटतं, घड्याळ आहे ना, एकट्याने जायला काय हरकत? हरकत आहे, आणि ती सेन्सरपासूनच सुरू होते.

या घड्याळाचा मुख्य सेन्सर पाण्याचा दाब मोजतो. समुद्रात दर १० मीटरला दाब साधारण १ बार वाढतो, त्यावरून खोली काढली जाते. रक्तात ऑक्सिजन किती उरलाय, हे त्याला कळतच नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे भरवशाचा नाही, कारण बुडी मारल्यावर शरीर हातापायांचा रक्तपुरवठा कमी करतं.

बरं, शरीराला तरी कळतं का? श्वासासाठी जीव तळमळतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. बुडीआधी भराभर खोल श्वास घेतले की तो कमी होतो, ऑक्सिजनचा साठा मात्र जेमतेम वाढतो. म्हणजे पेट्रोल तेवढंच, फक्त रिझर्व्हचा दिवा काढून टाकला! विहिरीत 'कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो' अशी पैज लावणाऱ्या पोरांनाही हाच धोका असतो.

आता थोडं गणित. २० मीटरवर एकूण दाब ३ बार. फुप्फुसातल्या हवेत ऑक्सिजन ७ टक्के उरलाय असं धरू. त्याचा दाब झाला ०.२१ बार, किनाऱ्यावरच्या हवेत असतो तेवढाच. त्यामुळे डोकं ठिकाणावर. पण वर येताना एकूण दाब १ बारवर उतरतो आणि ऑक्सिजनचा ०.०७ वर, वाटेत खर्च होतो तो वेगळाच. इथे शुद्ध हरपते, बहुतेकदा काही न जाणवता. म्हणून ब्लॅकआउट सहसा शेवटच्या १० मीटरमध्ये किंवा वर आल्यानंतरच्या काही सेकंदांत होतात.

यावर उपाय म्हणजे जोडीदार, आणि तोही तितकाच तयारीचा. एक खाली, एक वर. वरच्याने शेवटच्या टप्प्यात खाली जाऊन दुसऱ्यासोबत वर यायचं आणि नंतर निदान ३० सेकंद नजर हटवायची नाही. शुद्ध गेलीच तर तोंड पाण्याबाहेर धरायचं, मास्क काढायचा, चेहऱ्यावर फुंकर मारून हाक द्यायची. श्वास आला नाही तर तोंडाने द्यायचा. हे आधी शिकून, सराव करून ठेवायचं.

उघड्या समुद्रात प्रवाह असतो, म्हणून बोयाला बांधलेला दोर आणि त्याला जोडणारा लॅनयार्ड हवा. नतालिया मोल्चानोवा यांनी स्पर्धेत १०० मीटरपलीकडे बुडी मारली होती. २०१५ मध्ये स्पेनच्या फॉर्मेन्तेरा बेटाजवळ त्या दोराशिवाय साधारण ३५ मीटरची बुडी मारायला गेल्या. त्या सापडल्याच नाहीत.

घड्याळ निरुपयोगी आहे असं नाही. माझ्या मते त्यातला सगळ्यात उपयोगी आकडा म्हणजे दोन बुड्यांमधला विश्रांतीचा वेळ. बुडी २ मिनिटांची असेल, तर निदान ४ मिनिटं वरच थांबायचं. जास्त खोल बुडीनंतर त्याहूनही जास्त.