विजेच्या गाड्या आणि गांवचें रोहित्र

पेट्रोल व डिझेल यांवांचून केवळ बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आतां तालुक्याच्या रस्त्यांवरहि दिसूं लागल्या आहेत. दूध पोंचविण्यास दुचाकी, भाजीपाला बाजारीं नेण्यास तीनचाकी, असा त्यांचा उपयोग कित्येक बागाईतदार करितात. परंतु गाडी विकत घेणें सोपें. वाटेंत ती भरून घेण्याची सोय करणें कठीण. ही अडचण कोठें आहे व तिच्याशीं शेतकऱ्यांचा संबंध काय, हें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम हिशेब पाहूं. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. अर्थात् ५ अश्वशक्तीच्या पंपास सुमारें ३.७ किलोवॅट वीज लागते. घरच्या साध्या जोडणीवर मोटार सुमारें ३ किलोवॅटनें भरते, म्हणजे ३० युनिटांच्या बॅटरीस दहा तास हवेत. रात्रभर दारीं उभ्या असणाऱ्या गाडीस तें चालेल. वाटसरूस चालणार नाहीं. त्याच्यासाठीं ५० किलोवॅटचें शीघ्र भरणयंत्र लागतें, आणि तें म्हणजे ५ अश्वशक्तीचे तेरा पंप एकदम चालू करण्यासारखें आहे. आपल्या शिवारांत ज्यास लोक डी. पी. म्हणतात तें रोहित्र बहुधा ६३ किंवा १०० के. व्ही. ए. चें असतें. ६३ च्या रोहित्रावर असें एक यंत्र बसविल्यास पंपांच्या वांट्यास फारसें कांहीं उरणार नाहीं. दाब उतरेल आणि मोटारी जळतील. म्हणून स्थानकास स्वतंत्र रोहित्र व स्वतंत्र वाहिनी हवी, आणि खरा खर्च तेथेंच आहे.

दुसरी अडचण उत्पन्नाची. गाड्या येवोत न येवोत, वीजबिलांतील स्थिर आकार दरमहा द्यावाच लागतो. गाड्या थोड्या म्हणून स्थानकें निघत नाहींत, व स्थानकें नाहींत म्हणून लोक गाड्या घेत नाहींत, असें हें चक्र आहे. तें फोडण्यासाठीं सरकारनें प्रयत्न केले आहेत. गाडी भरून देणें ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, सबब परवाना नको, असा खुलासा केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानें एप्रिल २०१८ मध्यें केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांतील नियमांत शहरीं ३ किलोमीटरच्या चौकटींत एक, व महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरांवर एक स्थानक असावें असें ठरलें. २०२४ च्या पी. एम. ई-ड्राइव्ह योजनेंत १०,९०० कोटींपैकीं २,००० कोटी रुपये स्थानकांसाठीं ठेवले.

तिसरी अडचण जमिनीची. महसुली दप्तरांत वर्षें घालविल्यामुळें आम्हांस ठाऊक आहे कीं, रस्त्याकडेच्या एका तुकड्यावर सात-बाऱ्यांत पुष्कळ नांवें असतात. स्थानकासाठीं कोणी जागा भाड्यानें मागितल्यास सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमति, करार नोंदणीकृत, आणि नवीन रोहित्राचा खर्च कोणाचा याचा करारांत स्पष्ट उल्लेख, या तीन गोष्टी झाल्यावांचून सही करूं नये.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. पंपाच्या सवलतीच्या जोडणीवर गाडी भरण्याचा मोह होईल, तो टाळावा. ज्या कामासाठीं वीज दिली त्याहून निराळ्या कामीं ती वापरणें हा विद्युत् अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणें अनधिकृत वापर ठरतो, व आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. शिवाय शेतीची वाहिनी ठराविक तासच चालू असते. तिच्या भरंवशावर बाजाराची वेळ सांभाळतां येणार नाहीं.

आमचें मत असें कीं, खेड्यांत मोठ्या यंत्रांची घाई नको. दुचाकी व तीनचाकी घरच्या जोडणीवर रात्रीं भराव्या. ज्या सोसायटीचें स्वतःचें गोदाम आहे, तिनें छपरावर सौर पत्रे बसवून दिवसां सभासदांच्या गाड्या भरण्याची व्यवस्था करून पाहावी. महामार्गावरील मोठें स्थानक अवश्य व्हावें. मात्र त्याचा भार आपल्या पिकाच्या पाण्यावर पडूं नये, एवढें ग्रामसभेनें आधींच पाहून घ्यावें. रोहित्र जळाल्यावर केलेल्या अर्जानें करपलेलें पीक परत येत नाहीं.