पारा उतरला की डिझेल का अडते?

डिसेंबर लागला की बेंबळीसारख्या गावात पहाटे एक आवाज हमखास कानावर येतो. ट्रॅक्टर सेल घेतो, घुरघुरतो आणि गप्प होतो. पुन्हा सेल, पुन्हा तीच घुरघुर. उसाची ट्रॉली भरून उभी असते, कारखान्यावर नंबर लावायची घाई असते आणि शेजारचा जाणता माणूस कांबळं पांघरून येऊन सांगतो, "दम धर जरा, बॅटरी उतरंल. डिझेल गोठलं असंल रातच्या गारठ्यानं."

बॅटरीबद्दल त्याचे खरे असते, डिझेलबद्दल बहुतेक वेळा नसते. धाराशिवच्या या पट्ट्यात थंडीच्या पहाटे पारा 10-12 अंशांवर येतो, लाट आली तर त्याखालीही घसरतो. एवढ्या गारठ्यात डिझेल टाकीत गोठून बसत नाही. अडचण वेगळीच असते आणि ती ओळखली नाही तर उपाय चुकतो. चुकीच्या उपायात इंजिन जाते, कधी माणूसही.

ठिणगी नसलेले इंजिन

पेट्रोलच्या गाडीत प्लगची ठिणगी इंधन पेटवते. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. पिस्टन हवा 16 ते 18 पट दाबतो, त्या दाबाने हवा 500 अंशांच्या पुढे तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1892 मध्ये पेटंटसाठी मांडलेल्या कल्पनेचा गाभा हाच, दाबातून मिळणारी ऊब.

थंडी घाला घालते तो या उबेवर. रात्रभर गार पडलेले लोखंड दाबलेल्या हवेतली उष्णता शोषून घेते. ऑइल घट्ट झालेले असते, त्यामुळे इंजिन जड फिरते. गारठ्याने बॅटरीची ताकदही कमी झालेली असते. इंजिन हळू फिरले की दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो आणि ती पुरेशी तापत नाही. मग सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो. तो न जळलेल्या डिझेलचा धूर असतो. इंजिन तापल्यावर तो थांबला तर चिंता नाही. नाहीच थांबला, तर कॉम्प्रेशन आणि इंजेक्टर तपासायला हवेत.

विहिरीवरची जुनी हँडलची इंजिने ज्यांनी चालवली, त्यांना हे पुस्तकाशिवाय कळत होते. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून ठेवायचा, म्हणजे दाब तयार होत नाही आणि हँडल हलके फिरते. फ्लायव्हीलने पुरता वेग घेतला की खटका पाडायचा. त्या वेगाच्या जोरावर पिस्टन हवा दाबतो आणि इंजिन धडधडू लागते. गारठ्याच्या दिवशी हॉपरमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या पाण्याच्या टाकीत, गरम पाणी ओतणारेही होते. दोन्ही गोष्टींचा हेतू एकच, वेग आणि ऊब मिळवणे.

आजच्या अनेक गाड्यांत हेच काम हीटर प्लग करतो. चावी फिरवली की डॅशबोर्डवर पिवळी वेटोळी खूण उजळते. ती विझेपर्यंत थांबायचे आणि मगच सेल मारायचा. क्लच दाबून ठेवायचा, म्हणजे गिअरबॉक्समधले घट्ट ऑइल घुसळण्याचा भार इंजिनावर येत नाही. सेल 10-15 सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये बॅटरीला थोडी विश्रांती द्यायची. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी खरवडून काढली, तरी बऱ्याच गाड्यांचे पहाटेचे रडगाणे थांबते.

टाकीतले मेण

मग डिझेल गोठते हे खोटे का? नाही, पण त्याला वेगळी थंडी लागते. डिझेलमध्ये पॅराफिन, म्हणजे मेण, विरघळलेले असते. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजते, तसे हे मेण थंडीत कणाकणाने वेगळे होऊ लागते. आधी डिझेल गढूळ दिसते. मग ते कण फिल्टरच्या कागदावर साचतात आणि फिल्टर चोक होतो. टाकीत डिझेल असते, पण पंपापर्यंत पोहोचत नाही. अगदी शेवटी ते वाहायचेच थांबते.

भारतीय मानकात यासाठी ऋतूप्रमाणे मर्यादा घालून दिल्या आहेत. फिल्टर तुंबण्याचे तापमान हिवाळ्यात 6 अंशांपेक्षा आणि उन्हाळ्यात 18 अंशांपेक्षा जास्त नसावे, तर वाहणे थांबण्याची पातळी अनुक्रमे 3 आणि 15 अंशांपेक्षा वर नसावी. म्हणजे थंडीत पंपावरून घेतलेले ताजे डिझेल बेंबळीच्या पहाटेला सहसा पुरून उरते. पावसाळ्यापूर्वी कॅनमध्ये भरून ठेवलेल्या डिझेलबद्दल मात्र तेवढी खात्री देता येत नाही. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्री हवेतला ओलावा धरतो, त्याचे पाणी तळाशी जमते. म्हणून संध्याकाळी टाकी भरून ठेवावी आणि फिल्टरखालचा नट सैल करून साचलेले पाणी सोडावे.

सीमेकडे निघालेला ट्रक

खरी परीक्षा मराठवाड्यातून माल भरून काश्मीर, हिमाचल किंवा लडाखकडे निघालेल्या ट्रकची असते. टाकीत डिझेल इथले, रेडिएटरमध्ये पाणी बोअरचे आणि समोर द्रास-कारगिलची शून्याखालची रात्र. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले, ते उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहते. पण टाकी इथल्याच डिझेलने काठोकाठ भरलेली असेल, तर त्याचा काय उपयोग? चढ लागण्याआधी टाकी कमी होऊ द्यावी आणि तिथल्या पंपावर तिथले डिझेल भरावे.

साधे पाणी शून्य अंशाला गोठते आणि गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. त्या फुगण्याने इंजिनाचा ब्लॉक तडकतो. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असेल, तर ते उणे 35 अंशांच्या आसपासपर्यंत तग धरते. ऑइलच्या डब्यावर 15डब्ल्यू-40 असे लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो. तो जितका लहान, तितके ऑइल गारठ्यात पातळ राहते. पूर्ण चार्ज बॅटरीतले आम्ल कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, उतरलेल्या बॅटरीतले मात्र उणे 8-10 अंशांतच गोठू शकते. बीएस-6 ट्रकमध्ये आणखी एक टाकी असते, डीईएफची, चालक तिला युरियाची टाकी म्हणतात. ते द्रावण उणे 11 अंशांना गोठते. टाकीतला हीटर ते वितळवतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

हे करू नका

डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची जुनी सवय आता महागात पडते. नव्या कॉमन रेल इंजिनातला पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, रॉकेलने तो घासला जातो. हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारला, तर आत स्फोट होऊ शकतो. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटती चिंधी धरणे किंवा टाकीखाली जाळ करणे म्हणजे आगीला आमंत्रण. फिल्टर तुंबलाच, तर त्यावर गरम पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळावे किंवा तो सरळ बदलावा.

सगळ्यात घातक सवय केबिनमधली आहे. काचा बंद, आत पेटती शेगडी आणि थकलेला माणूस झोपेत. किंवा उबेसाठी रात्रभर चालू ठेवलेले इंजिन आणि बर्फात बुजलेला सायलेन्सर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्याला जाग येत नाही.

सीमेकडच्या या प्रवासाला चालक एकटा निघतो, पण तयारी त्याच्या एकट्याच्या खिशातून होणारी नाही. कूलंट, योग्य ऑइल, जादा फिल्टर, चांगली बॅटरी, जाड ब्लँकेट आणि घाट बंद झाला तर कुठेतरी खोली घेऊन झोपता येईल एवढे पैसे, हा खर्च ट्रकमालकाचा आहे. भाडे ठरवतानाच तो धरला पाहिजे. आणि "आज घाट चढत नाही, उद्या निघतो," असा चालकाचा फोन आला, तर मालकाने उलट प्रश्न न करता होकार द्यावा. माल दोन दिवस उशिरा पोहोचला तरी चालेल, माणूस धडधाकट परत आला पाहिजे.