रियूचं ‘शोर्युकेन’ : बटणं बडवून लागत नाही, वाट बघावी लागते

समजा, सांगलीच्या विश्रामबागेतलं एखादं होस्टेल. परीक्षा संपलीये आणि लॅपटॉपला दोन कंट्रोलर लावून ‘स्ट्रीट फायटर’ सुरू आहे. एकजण सारखा उड्या मारत अंगावर येतोय. दुसरा शांत. चौथ्या उडीला तो एकदाच बोटं फिरवतो आणि उडी मारणारा हवेतच ठोसा खाऊन खाली पडतो.

या ठोशाचं नाव शोर्युकेन. जपानी भाषेत अर्थ होतो, वर झेपावणाऱ्या ड्रॅगनचा ठोसा.

आपल्याकडं व्हिडिओ पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ म्हणून गाजलेला गेम ज्या कॅपकॉम कंपनीचा, तिनंच १९८७ ला पहिला स्ट्रीट फायटर आणला. त्यातल्या रियू आणि केनकडं हा डाव तेव्हापासून आहे. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’नं तो जगभर पोचवला.

पण याची एवढी चर्चा का होते?

रियूकडं दोन हत्यारं आहेत. एक हादोकेन, म्हणजे लांबून फेकायचा ऊर्जेचा गोळा. तो चुकवायचा तर समोरचा उडी मारतो. पण एकदा हवेत गेला की त्याला ब्लॉक करता येत नाही. खाली रियू शोर्युकेन घेऊन तयारच असतो. म्हणजे गोळा उडी मारायला भाग पाडतो आणि ठोसा त्या उडीची शिक्षा देतो.

यासाठी वेळ किती मिळतो? गेम सेकंदाला ६० फ्रेमनं चालतो आणि एक उडी साधारण पाऊण सेकंदाची असते. तेवढ्यात उडी ओळखायची आणि स्टिक फिरवायची : पुढे, खाली, खाली-पुढे तिरकी आणि पंच.

खरी गंमत इथंच आहे.

या गेममध्ये स्टिक मागे ओढली की बचाव होतो. शोर्युकेनची सुरुवात मात्र पुढे ढकलण्यानं होते. म्हणजे ठोसा मारायचा तर आधी बचाव सोडावा लागतो. त्यात ठोसा हुकला, तर रियू स्वतःच हवेत लटकतो आणि खाली येईपर्यंत समोरच्याला फुकटचा मार द्यायला मोकळं रान मिळतं.

सांगलीकरांना हे नवं नाही. फसलेला डाव पैलवानाला कुठं नेऊन पाडतो, हे तालमीत रोज दिसतं. याच जिल्ह्यातल्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण जिंकलं होतं. त्याच आशियाई स्पर्धेत, २०२३ ला हांगझोऊमध्ये, ‘स्ट्रीट फायटर फाईव्ह’ला पदक होतं. मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास भारताकडून उतरले होते. सुवर्ण जिंकलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूनं, वय वर्षं ४४. म्हणजे नुसत्या चपळ बोटांचा हा खेळ नाही.

२०२३ ला आलेल्या ‘स्ट्रीट फायटर सिक्स’मध्ये तर ‘मॉडर्न’ कंट्रोल निवडला की पुढे ढकलून एक बटण दाबलं तरी शोर्युकेन निघतं. बदल्यात मार थोडा कमी बसतो. बोटांची मेहनत वाचली, पण समोरचा नेमका कधी उडणार, हे अजूनही खेळणाऱ्यालाच ओळखावं लागतं.