बटणातला हँडब्रेक अडतो तेव्हा

एप्रिल २०१७मध्ये टेस्ला कंपनीने मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०१६ या काळात बनलेल्या, सुमारे ५३,००० गाड्या. कारण काय, तर पार्किंग ब्रेकमधला एक छोटा गिअर. बाहेरच्या पुरवठादाराकडून आलेला हा गिअर तुटला, तर एकदा लागलेला ब्रेक सुटण्याची खात्री नव्हती. धावत्या गाडीच्या ब्रेकशी त्याचा संबंध नव्हता. सदोष गाड्या पाच टक्क्यांहूनही कमी असतील, असा कंपनीचाच अंदाज होता. पण नेमक्या कोणत्या, हे बाहेरून ओळखायचे कसे?

दोन आसनांमधला हँडब्रेकचा दांडा आपल्याकडेही मागे पडत चालला आहे. एक्सयूव्ही ७००, नेक्सॉन ईव्ही मॅक्स, क्रेटा यांच्या वरच्या मॉडेलांत त्याच्या जागी एक बटण बसले. दांडा सैल झाला की मिस्त्री केबल ताणून देत असे. बटणवाल्या ब्रेकने दगा दिला की बहुतेक मालक बिचकतात आणि गॅरेजवाला सांगेल तो भाग बदलून मोकळे होतात. वास्तविक या यंत्रणेत गूढ फारसे नाही.

सध्या सर्वाधिक दिसणाऱ्या रचनेत मागच्या दोन्ही कॅलिपरवर एकेक छोटी मोटर असते. फोक्सवॅगनने २००५च्या पसाटमध्ये बसवलेल्या रचनेत पट्टा आणि गिअर मिळून मोटरचे १५० फेरे झाले की आतला स्क्रू एकदा फिरतो. स्क्रूवरची नट पिस्टनला रेटते, पिस्टन पॅडना आणि पॅड डिस्कला. स्क्रू दाबाने आपोआप उलटा फिरत नाही, त्यामुळे वीज बंद झाली तरी पकड सुटत नाही. बॅटरी उतरलेल्या गाडीचा ब्रेक सुटत नाही तोही याचमुळे.

पॅड पुरेसे दाबले गेले हे यंत्रणेला कळते कसे? दाब मोजणारा सेन्सर सहसा नसतोच. मोटर किती करंट ओढते आहे, एवढेच कंट्रोल युनिट पाहते. नळ पुरता बंद झाला हे डोळे मिटूनही हाताला लागणाऱ्या जोरावरून समजते, तसाच हा प्रकार. विरोध वाढला की करंट वाढतो, ठरलेल्या आकड्याला पोचला की मोटर थांबते. म्हणूनच हा ब्रेक बिघडला की आधी विजेकडे पाहावे आणि मग लोखंडाकडे.

त्याआधी काही खोट्या तक्रारी बाजूला काढाव्यात. उभ्या गाडीतून थोड्या वेळाने आपोआप ‘घर्र’ असा आवाज आला तर घाबरण्याचे कारण नाही. तापलेली डिस्क थंड होताना आकसते आणि यंत्रणा पकड पुन्हा आवळते. ॲक्सिलरेटर दाबूनही ब्रेक सुटत नसेल, तर चालकाने सीटबेल्ट लावला आहे का आणि दार नीट बंद आहे का ते पाहावे. अनेक गाड्यांत ही अट मुद्दाम घातलेली असते.

खऱ्या तपासाची सुरुवात बॅटरीपासून होते. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या निरोगी बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२च्या खाली आकडा असेल, तर ब्रेकचा दिवा हे बॅटरीचेच दुखणे असू शकते. बॅटरी तपासायला पाच मिनिटे पुरतात, तरी हीच पायरी सर्रास गाळली जाते.

मग स्कॅनर. स्वस्तातली अनेक यंत्रे फक्त इंजिनाचे कोड वाचतात. इथे ब्रेकचे मॉड्यूल वाचणारे यंत्र लागते. कोडचा अर्थ लावतानाही घाई नको. ‘डाव्या मोटरचे सर्किट तुटले’ असा निरोप आला म्हणजे मोटर गेली असे नव्हे. युनिटपासून मोटरपर्यंत लांबलचक वायर आहे. चाकाजवळ ती सस्पेन्शनबरोबर सतत हलते आणि पावसाळाभर चिखलपाणी झेलते. कनेक्टरच्या पिनांवर हिरवी बुरशी चढते, वरचे प्लास्टिक शाबूत राहून आतली तार तुटते. नुसती वायर जोडलेली आहे की नाही एवढेच तपासून भागत नाही, कारण एक धागा शिल्लक असला तरी मीटर ती ठीक दाखवतो. कनेक्टर जागेवर ठेवूनच मागून मीटर लावायचा आणि एकाने आत बसून बटण दाबायचे. व्होल्टेज पुरेसे येऊनही मोटर गप्प राहिली, तर दोष मोटरकडे. व्होल्टेज आलेच नाही किंवा मोटरपाशी पोचेतो निम्मे झाले, तर वायर, कनेक्टर किंवा युनिटकडे.

मोटर बहुधा दोन बोल्टांवर बसलेली असते. ती काढताना ब्रेक ऑइलला हात लावावा लागत नाही. मात्र गाडी सपाट जागी हवी आणि पुढच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे हवेत, कारण पुढच्या पायरीत पकड सुटते. मोटर निघाली की तिच्यामागचा स्क्रू पान्याने हाताने फिरवून पाहता येतो. सहज फिरला तर कॅलिपर चांगला आहे, नुसती मोटर बदलावी. जाम असेल तर मात्र कॅलिपर. हे न पाहताच सबंध कॅलिपर बिलात घालणारी गॅरेजे आहेत, आणि मालकाने निदान ‘स्क्रू फिरवून पाहिला का’ एवढे तरी विचारावे. काही गाड्यांना सुटी मोटर मिळतच नाही, हेही खरे. परत बसवताना रबरी रिंग नवी घालावी. जुनीतून पाणी शिरले तर नवी मोटरही गंजते.

सर्वात महाग पडणारे नुकसान मात्र पॅड बदलताना होते. जुन्या सवयीने मिस्त्री शिकंजा लावून पिस्टन आत दाबतो, पण नट मागे घेतलेली नसेल तर तो सगळा जोर स्क्रूवर आणि गिअरवर येतो. आधी स्कॅनरने किंवा कंपनीने सांगितलेल्या क्रमाने सर्व्हिस मोड लावायचा, नट मागे गेली की मगच पिस्टन दाबायचा. पॅड बसल्यावर पुन्हा कॅलिब्रेशन.

कधी एकही भाग बिघडलेला नसतो. २०१६मध्ये होंडाने अमेरिकेत सुमारे ३,५०,००० सिव्हिक परत बोलावल्या. इग्निशन बंद केल्याबरोबर बटण दाबले तर त्यांचा पार्किंग ब्रेक लागेलच याची खात्री नव्हती. उपाय होता सॉफ्टवेअर बदलण्याचा.

दुरुस्तीनंतर गाडीची मागची चाके उचलून ब्रेक लावावा, दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत, मग ब्रेक सोडून पुन्हा. त्यानंतर थोडे अंतर चालवून आणल्यावर एकच रिम दुसरीपेक्षा जास्त तापली असेल, तर त्या बाजूचे पॅड अजून डिस्कला घासत आहेत आणि गाडी गॅरेजातून न्यायची वेळ अजून आलेली नाही.