पोटातले रस आणि जेवणाची सुटी
भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो. लाळ पिठूळ पदार्थाची साखर तोंडातच करू लागते, त्याची ही खूण. दिवसाकाठी लिटर-दीड लिटर लाळ सुटते. जठररस तर घास पोटात पडण्याआधीच, चव लागताच पाझरू लागतो, हे रशियात पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले. पुढे जठरातले आम्ल आतड्यात उतरले की स्वादुपिंड क्षारयुक्त रस सोडून ते शमविते. त्यास ही वर्दी रक्तातून पोचते, असे १९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग यांना आढळले.

परंतु मुकादमाच्या धाकाने लाळच आटते, घास पाण्याबरोबर ढकलला जातो. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामामागे निदान अर्धा तास विश्रांती दिली. त्यातला निम्मा वेळ हात धुण्याच्या रांगेत गेलेला आम्ही पाहिला आहे.