मॉरिशसचा गणपती पाहायला जायचंय? तिकीट काढण्याआधी तारीख नीट तपासा

गणपतीला गावी जायचं म्हटलं की उपनगरातल्या चाकरमान्यांच्या डोळ्यांसमोर आधी कोकण रेल्वेची वेटिंग लिस्ट येते. पण कोकणातूनच गेलेल्या माणसांचा एक गणपती मुंबईपासून सुमारे ४,७०० किलोमीटरवर, हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावरही बसतो. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते. अंधेरीच्या सहार विमानतळावरून एअर मॉरिशसची थेट सेवा आहे, प्रवास सहा-साडेसहा तासांचा आहे आणि भारतीय पर्यटकांना आधीपासून व्हिसा काढून ठेवावा लागत नाही. एवढं सगळं सोपं असूनही ही सहल एका साध्या गोष्टीमुळे फसू शकते. ती गोष्ट म्हणजे तारीख.

सुट्टी चतुर्थीची, पण दुसऱ्या दिवशी

मॉरिशसची गणेश चतुर्थीची सुट्टी गेली काही वर्षं आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आली आहे. २०२३ मध्ये आपल्याकडे १९ सप्टेंबरला गणपती बसले, तिथली सुट्टी २० तारखेला होती. २०२४ मध्ये ७ आणि ८ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ आणि २८ ऑगस्ट, असाच क्रम राहिला. कारण तिथले बहुतेक गणपती दीड दिवसाचे असतात आणि सुट्टी येते ती विसर्जनाच्या दिवशी.

मुंबईकराचा हिशेब इथेच चुकतो. आपल्याला दहा दिवसांच्या उत्सवाची सवय. ‘आधी घरचं आटपू, मग पाचव्या-सातव्या दिवशी निघू’ असं ठरवून मॉरिशसला उतरलात तर समुद्र दिसेल, मिरवणूक दिसणार नाही. पॅकेजचे पैसे परत मिळत नसतील तर हा महागडा धडा ठरतो.

२०२६ मध्ये चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. आधीचा क्रम पाहता विसर्जनाची धामधूम मंगळवारी, १५ तारखेला असेल. मॉरिशस सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत ही तारीख ताडून मगच तिकीट काढावं आणि रविवारपर्यंत तिथे पोहोचावं. थेट विमान कोणत्या वारी आहे, हेही याच हिशेबात बघावं लागतं.

तिथे गणपती गेला कसा?

उसाच्या मळ्यांवर राबायला कंत्राटी मजूर म्हणून भारतीयांची पहिली तुकडी २ नोव्हेंबर १८३४ रोजी मॉरिशसला उतरली. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांहून अधिक माणसं गेली. बहुतेक जण बिहार आणि उत्तर प्रदेशातले, कलकत्त्याहून निघालेले. मद्रास आणि मुंबई बंदरांतूनही जहाजं सुटली. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या भागातली मराठी कुटुंबं होती. ही माणसं जिथे उतरली तो पोर्ट लुईमधला आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. सहलीत अर्धा दिवस त्यासाठी ठेवावाच. समुद्रकिनारे तर पुढेही बघता येतात.

बेटावरचा पहिला गणेशोत्सव १८९६ मध्ये पश्चिमेकडच्या कास्कावेल गावात एका मराठी कुटुंबाने केला, असं सांगितलं जातं. म्हणजे लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक उत्सवाला बळ दिलं, त्यानंतर तीनेक वर्षांनी. आज बहुतेकांची घरातली रोजची भाषा क्रिओल आहे, आरती मात्र मराठीत होते. कोकणातलं जाखडी नृत्य तिथे ‘झाकरी’ या नावाने टिकून आहे. गणपतीत ते बघायला मिळालं तर चिपळूण-संगमेश्वरच्या माणसाला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

राहायचं कुठे?

बरीच पॅकेजं पर्यटकांना उत्तरेकडच्या ग्राँ बे भागात उतरवतात. गणपतीसाठी जायचं तर पश्चिम किनारा सोयीचा. फ्लिक आँ फ्लाकचा किनारा कास्कावेलपासून जवळ आहे. मधल्या पठारावर वाक्वा भागातही मराठी वस्ती आहे. पोर्ट लुई ते क्युरपीप धावणारी मेट्रो याच पट्ट्यातून जाते. ती आपल्याकडच्या एल अँड टी कंपनीने बांधली आहे.

लालबागसारखे मंडप तिथे शोधू नयेत. उत्सव घरांत, देवळांत आणि मंडळांच्या सभागृहांत होतो. त्यामुळे हॉटेलच्या रिसेप्शनवर विचारण्यापेक्षा मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशनसारख्या संस्थेशी आधी संपर्क साधलेला बरा. कुणाच्या घरी बोलावणं आलं तर आपण पाहुणे आहोत, प्रेक्षक नाही, हे लक्षात ठेवावं. फोटो काढण्याआधी विचारावं.

कागदपत्रं, सामान, पैसे

परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा विमानतळावर मागितला जाऊ शकतो. प्रवासाआधी मॉरिशस सरकारचा ऑनलाइन प्रवास फॉर्मही भरावा लागतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. नूतनीकरण बाकी असेल तर अंधेरी किंवा मालाडच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट आताच घ्यावी.

दुर्वा, जास्वंद, केळीची पानं, फळं बॅगेत भरू नयेत. परवान्याशिवाय झाडपाला आणि फळं बेटावर नेता येत नाहीत. सुकं खोबरंही घरीच ठेवावं. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमान कंपन्या अडवतात.

फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झालं आहे. पण प्रत्येक दुकानात चालेल असं धरू नये. थोडे मॉरिशस रुपये जवळ हवेतच. टूर कंपनीकडून पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून पावती जपून ठेवावी.

हवा मात्र आपल्या उलट. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे तिथला सरता हिवाळा. विसर्जनाला मुंबईसारखं भिजावं लागत नाही, पण पठारावर संध्याकाळी स्वेटर लागतो.

घाटकोपरहून विमानतळ गाठायला मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथून मेट्रो ३ ने पुढचंच टर्मिनल २ स्थानक. बोरिवलीकरांना मेट्रो ७ ने गुंदवलीला येऊन मेट्रो १ पकडता येते. विमान पहाटेचं असेल तर मेट्रो मिळणार नाही, रिक्षा-टॅक्सीचं आधीच बघावं लागेल.

आणि घरचा गणपती?

हा खरा अडचणीचा प्रश्न. घरी दीड दिवसाचा गणपती असेल तर दोन्ही उत्सवांच्या तारखा थेट एकमेकांवर येतात. ज्या घरांत गणपती भावाभावांत पाळीने फिरतो, त्यांनी आपली पाळी नसलेलं वर्ष निवडावं. बाकीच्यांसाठी पर्याय महाशिवरात्रीचा. त्या वेळी बेटाच्या कानाकोपऱ्यातून लाखो भाविक कावड घेऊन पायी गंगा तलावाला जातात. तिथेही सुट्टी असते. फक्त फेब्रुवारी-मार्च हा तिकडचा चक्रीवादळांचा मोसम आहे, त्यामुळे तारखा बदलता येतील असंच तिकीट घ्यावं.

मॉरिशसचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. मुलुंडच्या घरी रात्री आठची आरती असेल तर तिथून साडेसहाला व्हिडिओ कॉल लावावा लागेल.