प्रवासी बाजूच्या एअरबॅगचा दिवा : बिघाड कसा शोधतात

लेखमाला : गाडीची वीज (भाग ११)

चावी फिरवली की मीटरमध्ये एक लाल खूण उजळते : बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात गोल फुगा. बहुतेक गाड्यांत ती सहाएक सेकंदांनी आपोआप विझते. तेवढ्या वेळात एअरबॅगचे कंट्रोल युनिट दोन्ही एअरबॅग, सीटबेल्ट ताणणारे प्रीटेन्शनर आणि धक्क्याचे सेन्सर यांची सर्किटे एकेक करून तपासते. दिवा विझलाच नाही, किंवा विझून रस्त्यात पुन्हा लागला, तर एखाद्या सर्किटमध्ये दोष आहे. असा दिवा लागलेला असताना अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच याची खात्री उरत नाही.

भारतात चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटसाठीची सक्ती नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून, तर आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलना २०२१ च्या अखेरीस लागू झाली. त्या काळातल्या गाड्या आता काही वर्षे वापरून झाल्या आहेत. नांदेड–नागपूर रस्त्यावरची धूळ, मराठवाड्याचा उन्हाळा आणि वॉशिंग सेंटरचे प्रेशरचे पाणी त्यांच्या वायरी जोडणाऱ्या कपलरांनी सोसले आहे. हदगावसारख्या तालुक्याच्या गावी हा दिवा घेऊन गाडी आधी जवळच्या गॅरेजातच येते, म्हणून तपासाचा क्रम नीट माहीत असणे गरजेचे ठरते.

दिवा कोणता आहे?

प्रवासी बाजूशी तीन वेगळे दिवे जोडलेले असतात. वर सांगितलेला लाल दिवा दोषाचा. दुसरा पिवळसर दिवा शेजारची एअरबॅग चावीने बंद ठेवली आहे एवढेच सांगतो. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट पुढे लावावीच लागली, तर ही एअरबॅग बंद असणे अत्यावश्यक असते. त्यासाठीच चावीने फिरणारे हे बटण दिलेले असते. तिसरा दिवा सीटबेल्टच्या आठवणीचा. रिकाम्या सीटवर किराण्याची जड पिशवी ठेवली तरी तो लागतो. दुसरा आणि तिसरा दिवा म्हणजे बिघाड नव्हे.

लाल दिवा चावी फिरवल्यावर उजळलाच नाही, तर तेही वाईट लक्षण आहे. दिवा तरी गेलेला असतो किंवा कोणी त्याची वायर काढलेली असते.

कोड वाचणे

केवळ इंजिनचे कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर येथे उपयोगाचा नाही. एअरबॅगच्या युनिटपर्यंत पोहोचणारा स्कॅनर लागतो. या गटाचे कोड सहसा बी अक्षराने सुरू होतात. बी-००१० हा शेजारच्या पुढच्या एअरबॅगच्या पहिल्या टप्प्याचा कोड. त्याला जोडून दोषाचा प्रकार येतो : रोध जास्त किंवा सर्किट तुटलेले, रोध कमी, अर्थला शॉर्ट, बॅटरीला शॉर्ट. कोड चालू आहे की जुना साठलेला, हेही टिपून ठेवावे. पुष्कळ दिवस उभी राहिलेली गाडी दुसऱ्या बॅटरीवरून चालू केली असेल, तर कमी व्होल्टेजचा कोड साठलेला असू शकतो. तेव्हा आधी बॅटरी तपासावी.

हात लावण्यापूर्वी

एअरबॅगच्या पोटात रासायनिक गोळी पेटवणारी बारीक तार असते. तिला पुरेसा प्रवाह मिळाला की सुमारे ३० मिलिसेकंदांत पिशवी फुगते. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून युनिटमधील कपॅसिटर काही काळ वीज धरून ठेवतो. त्यामुळे चावी बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढल्यावर कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबावे लागते. तो बहुधा एक ते तीन मिनिटांचा असतो. जास्त थांबल्याने काही बिघडत नाही. टेस्ट लॅम्प या वायरींना कधीही लावू नये आणि एअरबॅगचा रोध मल्टिमीटरने मोजू नये.

कपलर आधी

या यंत्रणेचे कपलर पिवळे असतात. शेजारच्या एअरबॅगचा कपलर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सापडतो. सीटखालचे पिवळे कपलर प्रीटेन्शनरचे आणि बाजूच्या एअरबॅगचे असतात. सीट मागेपुढे सरकवणे, नवे सीट कव्हर बसवणे, सीटखाली पाण्याच्या बाटल्या कोंबणे यांनी ते सैल होतात. गाडी गोठ्याशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायरही शोधावी.

एअरबॅगच्या तारेचा रोध साधारण दोन ओहम असतो. एवढ्या लहान आकड्यात गंजलेल्या पिनमुळे एक-दोन ओहमची भर पडली तरी युनिट सर्किट तुटल्याचा किंवा रोध वाढल्याचा कोड देते. म्हणून पिनवर हिरवट थर, वाकलेली पिन आणि पूर्ण न बसलेले लॉक या तीन गोष्टी उजेडात पाहाव्यात.

दोष कुठल्या टोकाला?

कपलर ठीक दिसला तर एअरबॅगच्या जागी कंपनीने सांगितलेला, साधारण दोन ओहमचा चाचणी रेझिस्टर जोडतात. बॅटरी लावून चावी फिरवली आणि चालू कोड जुना झाला, तर दोष एअरबॅगमध्ये किंवा तिच्या तोंडाशी आहे. कोड तसाच राहिला तर वायरिंग किंवा युनिट संशयित. मग बॅटरी पुन्हा काढून, वायरिंग दोन्ही टोकांनी सोडवून मोजावी लागते.

येथे नवखा हमखास फसतो. पिवळ्या कपलरमध्ये पितळी पट्टी असते. कपलर सुटताच ती दोन्ही पिना एकमेकींना जोडते, म्हणजे भटक्या विजेने एअरबॅग पेटत नाही. त्यामुळे सुटलेल्या कपलरच्या दोन वायरींमध्ये मीटर शून्याजवळ आकडा दाखवतो आणि वायरिंग शॉर्ट आहे असे वाटते. पट्टी पुस्तकातल्या रीतीने उचलून धरली आणि तरीही शून्यच आले, तरच शॉर्ट खरा.

दुरुस्ती आणि खात्री

तुटलेली वायर पिळून टेप गुंडाळणे येथे चालत नाही. बहुतेक कंपन्या पूर्ण वायरिंग बदलायला किंवा त्यांच्याच जोडणीचा संच वापरायला सांगतात. एअरबॅग उघडून गेलेल्या गाडीत कायमचा रेझिस्टर जोडून दिवा विझवण्याचा प्रकार तर थेट जीवावर बेतणारा आहे. जुनी गाडी घेताना दिवा सहा सेकंदांनी विझला एवढ्यावर म्हणूनच विसंबू नये. डॅशबोर्डची शिवण, बेल्टची स्थिती आणि युनिटमधील अपघाताची नोंदही पाहावी.

काम संपल्यावर चाचणी रेझिस्टर काढून एअरबॅग जोडावी आणि सीटवर कोणी नसताना बॅटरी लावून चावी फिरवावी. कोड पुसून गाडी खड्ड्यांच्या रस्त्यावर फिरवून आणावी आणि स्कॅनर पुन्हा लावावा. कोड परत आला नाही आणि दिवा ठरलेल्या वेळी लागून विझत राहिला, तर दुरुस्ती पूर्ण झाली.

(पुढील भाग : एबीएसचा दिवा आणि चाकाचा सेन्सर)